टोपलीतलं शून्य

ग्लासगोच्या त्या हॉस्पिटलात, रक्ताच्या लॅबमध्ये, मी पहिल्या दिवशी पाऊल टाकलं तेव्हा एक उंच, टकले गृहस्थ माझ्या टेबलाखालची रद्दीची टोपली मांडीवर घेऊन बसले होते. त्यातले चुरगळलेले बोळे ते एकेक करून उलगडत होते, चष्मा कपाळावर ढकलून वाचत होते आणि वाचून झाले की नीट घडी घालून बाजूला ठेवत होते. मला वाटलं, साफसफाईवाले असतील. मी सौजन्याने इंग्रजीत विचारलं, "मी नंतर येऊ का?"

त्यांनी वर न बघता अस्सल सांगलीच्या मराठीत विचारलं, "नागपूरची ना गं तू?"

मी हातातली बॅग खाली ठेवली.

"फॉर्मवर वाचलं. बस. तुझ्या आधीच्या ट्रेनीनं काय काय फेकलंय ते बघतोय. खरा निकाल टोपलीत असतो. टेबलावर असतो तो आवरलेला."

हे आमच्या लॅबचे सगळ्यात सीनियर सायंटिस्ट. तीस वर्षं त्यांनी एकाच खुर्चीवर बसून लोकांचं रक्त बघितलं होतं. खुर्ची दोनदा बदलायला आली, दोन्ही वेळा त्यांनी ती परत पाठवली.

त्यांना हाक काय मारायची, हा माझा पहिला प्रश्न होता. तिथे कन्सल्टंटपासून पोर्टरपर्यंत सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना. 'सर' म्हटलं तर म्हणाले, "राजानं मला अजून किताब द्यायला बोलावलेलं नाही." 'काका' म्हटलं तर दिवसभर रुसले. "माझं टक्कल बघून म्हणतेस?" आता 'अहो' तेवढं उरलं होतं, आणि ते म्हणणं शक्य नव्हतं, कारण त्यांची बायको त्यांना तेच म्हणायची. शेवटी 'सर'च राहिलं. ते प्रत्येक वेळी कपाळाला आठी घालायचे आणि ओ द्यायचे.

त्यांचं काम सांगायला सोपं आहे. रक्ताचा थेंब काचेच्या स्लाइडवर पातळ पसरायचा, रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या. पांढऱ्या पेशी पाच जातींच्या, म्हणून हाताशी पाच बटणांचं छोटं यंत्र. जी पेशी दिसेल तिचं बटण दाबायचं. शंभर झाल्या की घंटी वाजते, टिंग. हे सगळं मोठं मशीन मिनिटभरात करतं आणि आकडे छापून देतं. पण सरांनी मशीनच्या स्क्रीनवर आकड्यांच्या जागी पिवळा चिकटकागद लावून ठेवला होता. "आधी बघ, मग वाच," हा त्यांचा मंत्र. स्लाइड आली की आधी ती ट्यूबलाइटसमोर धरून नुसत्या डोळ्यांनी बघायची, मग मायक्रोस्कोप, मग स्वतःचा अंदाज चिठ्ठीवर लिहायचा, आणि त्यानंतर चिकटकागद उचलायचा. लॅबमध्ये कुणी उलट्या क्रमानं केलं की ते त्या माणसाशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोलायचे नाहीत. मॉरीन ही आमची मशीनवाली, साठीची, जाड विणीचे स्वेटर घालणारी. ती म्हणायची, त्यांनी लग्नाच्या पत्रिकेवरचं नाव वाचायच्या आधी ती उन्हात धरून बघितली असेल. ग्लासगोत तेवढं ऊन मिळालं असतं तर नक्कीच बघितली असती.

त्यांच्याकडे एक लाकडी पेटी होती. तिच्यात त्यांच्या तीस वर्षांतल्या दुर्मीळ ल्युकेमियांच्या स्लाइड्स होत्या, पेशंटची नावं नसलेल्या. लोक तिकिटं जमवतात तशा त्यांनी या जमवल्या होत्या, आणि प्रत्येकीला घरगुती मराठी नाव दिलं होतं. पेशीच्या मधोमध एकच ठळक ठिपका दिसतो ती 'टिकलीवाली'. जिचं केंद्रक पाकळ्यापाकळ्यांचं असतं ती 'जास्वंद'. प्लाझ्मा पेशींचा ल्युकेमिया होता, त्यात लाल पेशी एकमेकींवर चवड लावून बसतात, तो 'मारीचा पुडा'. हे शब्द लॅबमध्ये इतके रुळले होते की मॉरीन एकदा फोनवर कन्सल्टंटना सांगताना मी ऐकलं, "आय थिंक इट्स अ टिकली, डॉक्टर." आणि पलीकडून डॉक्टरांनी काय ते लगेच ओळखलं.

पेटीतली त्यांची सगळ्यात लाडकी स्लाइड 'उसवलेली'. इंग्रजीत हेअरी सेल ल्युकेमिया. त्या पेशीची कड गुळगुळीत नसते. तिला बारीक तंतू सुटलेले असतात, जुन्या गोधडीच्या कडेसारखे. ती दाखवताना सरांचा आवाज खाली यायचा.

"फार शहाणा आजार आहे हा. आरडाओरडा करत नाही. पेशंट बहुतेक पुरुष, पन्नाशी-साठीचा. थकवा येतो, तो म्हणतो वय झालं. प्लीहा वाढते, पोटावर दाबते, तो म्हणतो भूक कमी झाली. रक्तातलं सगळंच हळूहळू कमी होत जातं. आणि सगळ्यात आधी काय गायब होतं?"

"मोनोसाइट," मी म्हणायची. पाच जातींतली ही सगळ्यात मोठी, घडी पडलेल्या केंद्रकाची पेशी. शंभरात चार-सहा असतात.

"मोनोसाइट दिसेनासे झाले की ओळखायचं, घरात कुणीतरी घुसलंय. आणि मशीनवर जाऊ नकोस. या उसवलेल्या पेशींनाच ते कधीकधी मोनोसाइट समजतं आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगतं."

हे व्याख्यान मी निदान दहा वेळा ऐकलं. तोंडपाठ होतं. पुढे जे झालं त्याची मला अजूनही लाज वाटते ती म्हणूनच.

सरांचा डबा हे लॅबमधलं दुसरं आकर्षण. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, रोज तीन कप्प्यांचा डबा द्यायच्या: ज्वारीची भाकरी, काहीतरी झणझणीत आणि शेंगदाण्याची चटणी. पहिले काही महिने मी फक्त वास घेतला. मग त्या हिवाळ्यात एकाएकी सर उदार झाले. "ही अर्धी भाकरी घे गं. हिनं आज जास्त दिलंय." दुसऱ्या दिवशीही जास्त. तिसऱ्या दिवशीही. महिनाभरानं तर मी स्वतःचं सँडविच आणणंच सोडून दिलं. ग्लासगोत घरची भाकरी! मी चाटूनपुसून खात होते आणि डबा घासून त्यांच्या पिशवीत ठेवत होते. घरी काकूंना रोज रिकामा डबा मिळत होता.

त्याच सुमारास त्यांनी पट्टा सोडून खांद्यावरून घ्यायचे गॅलिस लावायला सुरुवात केली, लालभडक. मॉरीन म्हणाली, "आता हे नवीन काय?" ते म्हणाले, "फॅशन." आयुष्यभर चौथ्या मजल्यापर्यंत जिने चढणारा माणूस लिफ्टनं येऊ लागला. विचारलं तर म्हणाले, "लिफ्टमध्ये विचार चांगले सुचतात." आम्ही हसलो. तऱ्हेवाईक माणसाची हीच पंचाईत असते. त्याचं दुखणंसुद्धा तऱ्हा म्हणून खपून जातं.

मार्चमध्ये माझी परीक्षा होती. परीक्षा म्हणजे सरांची सही. "हिला पेशी मोजता येतात," एवढं त्यांनी माझ्या पोर्टफोलिओवर लिहून सही केली की मी पक्की सायंटिस्ट होणार होते. त्यांनी मला सहा स्लाइड्स दिल्या. पाच आजारी, एक नॉर्मल. नॉर्मलच्या स्लाइडच्या कडेला हिऱ्याच्या पेन्सिलीनं कोरलेला 'न' होता. ती कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रंगाची नवी बाटली आली की सर बाही वर करून मॉरीनसमोर बसायचे, स्वतःचं रक्त काढून घ्यायचे आणि त्याच्या स्लाइड्स करून रंग बरोबर उतरतो का ते तपासायचे. निळा निळा दिसतोय, गुलाबी गुलाबी दिसतोय, की झालं. "माझं रक्त, माझी परवानगी, फॉर्म भरायला नको," असं त्यांचं म्हणणं. मशीनमध्ये ते कधीच घालत नसत.

आजारी पाच मी सटासट मोजल्या. नॉर्मल शेवटी ठेवली होती, सोपी म्हणून. मोजली. टिंग. मोनोसाइट शून्य.

मोनोसाइटच ओळखता येईना म्हणजे झालंच. मी कागद चुरगळून टोपलीत टाकला आणि पुन्हा मोजली. शून्य. तिसऱ्यांदा मोजली. शून्य. वर लिम्फोसाइट, म्हणजे पाचांतली लहान, गोल केंद्रकाची जात, भलतेच जास्त. बाहेर मॉरीन घड्याळाकडे बोट दाखवत होती. मग मी जे केलं ते सरळ सांगते. स्लाइडवर 'न' होता, तेव्हा मी नॉर्मल माणसाचे आकडे लिहिले. मोनोसाइट चार.

सर आले. त्यांनी माझ्या टेबलावरचे सहा कागद बघितलेही नाहीत. खाली वाकले, टोपली उचलली आणि मांडीवर घेऊन बसले. मला त्या क्षणी नागपूरला परत जावंसं वाटलं.

तीन बोळे उलगडून त्यांनी एकापुढे एक लावले. "हे काय?"

"ते चुकलेत, सर."

"तिन्ही वेळा शून्य?"

"मला बहुतेक मोनोसाइट ओळखता येत नाहीत."

त्यांनी आता टेबलावरचे पाच कागद चाळले. "या बाकीच्या पाचांत बरोबर ओळखलेस की. मग सहावीतच विसरलीस?" मग त्यांनी सहावा कागद हातात घेतला. "आणि हे चार कुठून आले? नागपूरहून पार्सल?"

"सर, स्लाइड नॉर्मल आहे. नॉर्मलमध्ये असतातच. म्हणून..."

"मग पाच का नाही लिहिलेस?"

"पाच जरा जास्त वाटले."

इतर कुठल्याही दिवशी मी हे वाक्य बोलल्यावर ते आठवडाभर हसले असते. त्या दिवशी त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "आधी वाचलंस आणि मग बघितलंस! वर्षभर मी काय भिंतीशी बोलत होतो काय गं?" एवढं म्हणून त्यांनी खुर्ची ओढली, स्लाइड मायक्रोस्कोपखाली घातली आणि स्वतः मोजायला बसले. मला माझी चूक दाखवून द्यायला.

बटणांचा आवाज सुरू झाला. सरांचा हात फार जलद चालायचा. अर्ध्यावर तो हळू झाला. टिंग. त्यांनी आकडे बघितले, यंत्र शून्यावर आणलं आणि पुन्हा शंभर मोजल्या. टिंग. मग त्यांनी लेन्स पुसली. लेन्स स्वच्छच होती.

"इकडे ये," ते म्हणाले. मायक्रोस्कोपला दोन माणसांनी बघायची सोय होती. मी पलीकडच्या बाजूला डोळे लावले. त्यांनी फिरवलेला दर्शक, एक हिरवा बाण, एका पेशीपाशी येऊन थांबला.

"काय आहे?"

"लिम्फोसाइट."

"कड बघ."

मी कड बघितली. बारीक तंतू. झालर. वर्षभर पेटीतली जी स्लाइड बघितली होती, तीच.

"सर, ही तर उसवलेली," मी आनंदानं ओरडले. अक्षरशः आनंदानं, ओळखता आली म्हणून. आणि मग ती स्लाइड कुणाची ते मला आठवलं.

त्यांनी बाण त्या पेशीवरून बाजूला सरकवला. मग म्हणाले, "मी रंग बघत होतो. वर्षभर नुसता रंग. माझीच आहे म्हटल्यावर काय बघायचं?" मला रडू येत होतं, पण ते उठले, गॅलिस नीट केले आणि म्हणाले, "स्वतःचा रिपोर्ट स्वतः द्यायचा नाही, हा नियम आहे. चल वर. आणि तुझे तीन बोळे घे. पुरावा आहे तो."

आम्ही लिफ्टनं गेलो. त्यांना विचार काही सुचत नव्हते. आमच्या कन्सल्टंट बाई तरुण, पक्क्या स्कॉटिश, कामात एकदम चोख. सरांनी स्लाइड त्यांच्यापुढे ठेवली आणि पेशंटची माहिती द्यावी तशी इंग्रजीत दिली. अठ्ठावन्न वर्षांचा पुरुष. जेवण निम्म्यावर आलंय. पट्टा टोचतो म्हणून गॅलिस लावतो. चार मजले चढवत नाहीत. मोनोसाइट शून्य, दोघांनी मिळून पाचदा मोजलेत.

बाईंनी बराच वेळ बघितलं. "हेअरी सेल वाटतोय. मला याला आजच तपासायचंय. कुठे आहे हा माणूस?" असं विचारत त्यांनी मान वर केली, आणि त्यांचं लक्ष लाल गॅलिसकडे गेलं. त्या उठून उभ्या राहिल्या. सर म्हणाले, "वेळ घ्या. आधी बघा, मग वाचा."

तपासण्या झाल्या. प्लीहा चार बोटं खाली आलेली होती. हाडातला मगज सुईनं ओढून बघतात, तो आलाच नाही. या आजारात मगज असाच अडून बसतो, मग हाडाचा बारीक तुकडा काढावा लागतो. तिथून, पाठीला बँडेज असताना, त्यांनी लॅबमध्ये फोन केला. "कोरडी गं! थेंब आला नाही! टेक्स्टबुक!" मॉरीननं माझ्या हातातून फोन घेऊन ठेवला आणि म्हणाली, "हा माणूस बिंगो जिंकल्यासारखा बोलतोय." मग ती स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसत मशीनकडे गेली.

या आजाराला औषध चांगलं आहे. पाच दिवसांचं औषध आणि बहुतेकांना वर्षानुवर्षं काही होत नाही, हे मलाही माहीत होतं. पण ते औषध दिल्यावर मधले काही आठवडे पांढऱ्या पेशी, त्यातही जंतूंशी लढणारे न्यूट्रोफिल, फारच कमी होतात आणि साधा तापसुद्धा जिवावर बेतू शकतो, हेही माहीत होतं. सरांना ताप आलाच. त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं. संगणकावर त्यांचे आकडे मला एका क्लिकवर दिसले असते. पेशंट आपला नसेल तर रिपोर्ट उघडायचा नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून मी हात मांडीखाली घेऊन बसायचे.

त्यांची मुलगी ग्लासगोतच जन्मलेली आणि शाळेत शिकवणारी. तिचा रोज फोन यायचा. "ताई, बाबा बोलला की तुला सांग, न्यूट्रोफिल झिरो पॉइंट वन. तो विचारते, तू चोरून बघितला का?"

"नाही बघितलं म्हणून सांग."

मागून क्षीण आवाज यायचा, "शाबास. बघितलं असतंस तर नोकरी गेली असती."

एका सकाळी तिनं फोन केला आणि नुसती रडायलाच लागली. मी खुर्ची घट्ट धरली. "काय झालं?" तर म्हणाली, "ताई, ताप गेली! तीन दिवस नाही आली!" मीही रडले. मराठी व्याकरण मला इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

काचेच्या पलीकडून का होईना, भेटायला परवानगी मिळाल्यावर मी आधी कबुली दिली. "सर, तुमचा डबा मी खाल्ला. मी खाल्ला नसता तर काकूंना उरलेली भाकरी दिसली असती. त्यांनी महिन्याभरात तुम्हाला डॉक्टरकडे ओढत नेलं असतं."

काकू शेजारीच होत्या. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. सर मात्र इंटरकॉमवर खूश. "आणि ते बोळे तू घरी नेऊन फेकले असतेस तर? आमच्याच टोपलीत टाकलेस म्हणून मी इथे आहे. हिशेब फिटला." मग आवाज कडक करून म्हणाले, "पण चार खोटे लिहिलेस. सही मिळणार नाही. मी येईपर्यंत थांब."

मी थांबले. सहा महिने. दुसऱ्या सीनियरनी सही द्यायची तयारी दाखवली होती, मी नको म्हटलं.

सर ऑक्टोबरमध्ये परत आले. अंगानं निम्मे झालेले, गॅलिस नाहीत, कमरेला पट्टा. जिन्यानं आले, दोन मजल्यांवर थांबून. आल्या आल्या त्यांनी स्क्रीनवर नवा चिकटकागद लावला, कारण मधल्या काळात कुणीतरी जुना काढला होता. पेटी उघडून 'उसवलेली'च्या शेजारी स्वतःची जुनी स्लाइड ठेवली, कडेचा 'न' खोडून. मग बाही वर करून मॉरीनसमोर बसले. ताजं रक्त, ताजी स्लाइड. या वेळी तिच्यावर काहीही कोरलेलं नव्हतं.

"मोज," ते मला म्हणाले आणि पाठ करून बसले.

मी स्लाइड आधी ट्यूबलाइटसमोर धरली. मग मायक्रोस्कोपखाली घातली. दहा, पंधरा, वीस. मोनोसाइटचं बटण तसंच होतं. तिशी उलटली. पण मी ठरवलं होतं, शून्य आले तर शून्य लिहीन आणि त्यांच्या हातात देईन. आणि चाळिसाव्याच्या आसपास ती आली. मोठी, राखाडी, मधे घडी पडलेली, कड गुळगुळीत. मी तिच्याकडे बघतच राहिले. बटण दाबायला विसरले.

टिंग झाल्यावर मी कागदावर लिहिलं: मोनोसाइट तीन.

"तीन?" सर वळून म्हणाले. "चार नाहीत?"

"तीनच आहेत, सर."

ते वाकले आणि त्यांनी टोपली उचलून मांडीवर घेतली. टोपली रिकामी होती. ती त्यांनी उलटी करून झटकूनही बघितली. मग खिशातून पेन काढून माझ्या पोर्टफोलिओवर सही केली, आणि डबा उघडला. पिठलं होतं, भाकरी होती, शेंगदाण्याची चटणी होती. मी समोरच बसले होते. त्यांनी तिन्ही कप्पे संपवले, बोटं चाटली, डबा स्वतः घासला आणि मला एक घासही विचारला नाही.